उताराच्या जागेवर वोनमोबिल आणि वोनवागन लेव्हल कशी करावी?

मंडळी, भारतातून आई-बाबा आले की वोनमोबिल भाड्याने घेऊन आल्प्सकडे किंवा बाल्टिक समुद्राकडे जायचा बेत आपल्यापैकी अनेक घरांत होतो. कारण उघड आहे. स्वयंपाकघर बरोबर असतं, दुपारी वरण-भात मिळतो आणि म्हाताऱ्या माणसांना हॉटेलचे जिने चढावे लागत नाहीत. गाडी ताब्यात देताना भाड्याने देणारे अर्धा तास सगळं समजावून सांगतात. गॅस, पाणी, टॉयलेटची कॅसेट, बॅटरी यांवर वेळ जातो आणि शेवटी "मागच्या डिकीत पिवळे ठोकळे आहेत, लागले तर वापरा" एवढं एक वाक्य येतं. हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी नावं

वोनमोबिल म्हणजे इंजिन असलेलं चाकावरचं घर. वोनवागन म्हणजे कारच्या मागे जोडून न्यायचं घर; त्याला बहुधा एकच आक्स, मोठं असेल तर दोन. अमेरिकेतले नातेवाईक ज्याला फिफ्थ-व्हील म्हणतात तो तिसरा प्रकार. तो पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतो, आपल्याकडच्या ट्रेलर-ट्रकसारखा. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आक्स वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवत, ते पाचवं चाक. जर्मनीत हा प्रकार क्वचितच दिसतो. रस्ते आणि जागा लहान आहेतच, शिवाय बीई वर्गाच्या लायसन्सवर ३.५ टनांपर्यंतचाच ट्रेलर ओढता येतो आणि मोठी अमेरिकन घरं त्याच्या बरीच पुढे जातात. लेव्हल करायचा क्रम मात्र तिथेही इथल्या वोनवागनसारखाच: आधी डावी-उजवी बाजू, मग गाडी सोडवायची, मग पुढे-मागे.

दुकानात मागायच्या वस्तूंची नावंही पाठ असू द्या. चाक वर चढवायचे पायऱ्यांचे ठोकळे म्हणजे आउफफारकाइल. चाक घरंगळू नये म्हणून लावायची पाचर म्हणजे उंटरलेगकाइल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि एक दुसरीचं काम करत नाही. वासरवागं म्हणजे आपल्या गवंड्याची पाणसळ. बाउमार्क्टमध्ये ती सहज मिळते. ६० सेंटिमीटरची घ्या, पुढचं गणित तिच्यावरच आहे.

तिरकेपणा कुठे नडतो

रात्री डोकं खाली आणि पाय वर झाले तर झोप लागत नाही, हे सांगायला नको. तव्यावर सगळं तेल एका कडेला जमतं आणि धिरडं अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं निघतं. बाथरूमचं दार आपोआप उघडतं. आंघोळीचं पाणी जाळीकडे जाण्याऐवजी उंबरठ्याकडे येतं, आणि खालची जमीन प्लायवूडची असल्याने ते अनामत रकमेलाही महाग पडू शकतं.

पण खरी काळजी करायची ती फ्रिजची.

बऱ्याच वोनमोबिल आणि वोनवागनमध्ये घरातल्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रिज नसतो. अ‍ॅब्सॉर्बर प्रकारचा असतो, जो गॅसवर, २३० व्होल्टवर आणि गाडी चालू असताना १२ व्होल्टवरही चालतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी तो शोधला आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने तो जगभर विकला. त्यात पंप नाही, एकही हलता भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांमध्ये फिरतात. एका टोकाला उष्णता दिली की अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव होतो, आत उष्णता शोषून घेतो आणि पाण्यात विरघळून परत खाली येतो. हे "परत खाली येणं" केवळ गुरुत्वाकर्षणावर चालतं. गाडी तिरकी असेल तर द्रव नळीच्या चुकीच्या जागी साचतो आणि फिरणं थांबतं. ज्योत मात्र जळतच असते. उष्णता देणारा भाग प्रमाणाबाहेर तापला की गंज रोखण्यासाठी मिसळलेलं रसायन खड्यासारखं जमून नळी कायमची बुजू शकते. मग फ्रिजला दुरुस्ती नसते, तो बदलावाच लागतो.

किती तिरकं चालतं हे फ्रिजच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी मर्यादा ३ अंशांच्या आसपास असते. चालत्या गाडीत तिरकेपणाने बिघडत नाही, कारण हिंदकळण्याने द्रव वाहता राहतो. रात्रभर एका जागी उभं राहणं धोक्याचं. आपल्या फ्रिजच्या बटणांवर गॅसच्या ज्योतीचं चिन्ह असेल तर तो अ‍ॅब्सॉर्बर समजा. नव्या, व्हॅनसारख्या लहान वोनमोबिलमध्ये कॉम्प्रेसरचा फ्रिज वाढत्या प्रमाणात येतो, आणि त्याला उताराचं फारसं सोयरसुतक नसतं.

दूध नासलं तर दुसरं आणता येतं. इन्सुलिनचं तसं नाही. आमच्याकडे बाबा येतात तेव्हा त्यांचा तीन महिन्यांचा साठा बरोबर असतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं. वापरातलं पेन काही आठवडे साध्या तापमानाला चालतं, पण उरलेल्या साठ्याचा आधार हा फ्रिजच. भारतातलं प्रिस्क्रिप्शन इथे चालत नाही, म्हणजे रविवारी एखाद्या खेड्यात बदली इन्सुलिन मिळवायला डॉक्टर शोधण्यापासून सुरुवात. म्हणून आम्ही फ्रिजमध्ये दोन-चार युरोचा थर्मामीटर ठेवतो, इन्सुलिन मागच्या थंड पट्ट्यांना न टेकवता मधल्या कप्प्यात ठेवतो आणि गाडी उभी केल्यावर पाणसळ आधी फ्रिजपाशी लावतो. जागा सुधारण्यापलीकडे उताराची असेल आणि तिथेच राहणं भाग असेल तर फ्रिज बंद करा. बंद फ्रिजला तिरकेपणाने काही होत नाही. साठा टॉवेलात गुंडाळून, बर्फाच्या पाकिटांना थेट न लावता, थंड पेटीत ठेवा.

थोडं गणित

अंदाजाने ठोकळे लावून तीन-तीनदा गाडी चढवणारी मंडळी कॅम्पिंगप्लाट्झवर रोज दिसतात आणि शेजारी खुर्चीत बसून करमणूक करून घेतात. ते टाळता येतं.

६० सेंटिमीटरची पाणसळ गाडीच्या जमिनीवर आडवी ठेवा. खालच्या बाजूचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. समजा २ सेंटिमीटर भरली. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर वोनमोबिलमध्ये साधारण १.८ मीटर, म्हणजे पाणसळीच्या तिप्पट. तेव्हा खालच्या बाजूची चाकं २ गुणिले ३, म्हणजे ६ सेंटिमीटर उचलायची. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण अखेर कामाला आले! वोनवागनचं हेच अंतर २ मीटरच्या आसपास धरा.

आता तोच उतार पुढे-मागे असेल तर? पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.८ मीटर अंतर असेल तर त्याच २ सेंटिमीटरच्या फटीला जवळजवळ १३ सेंटिमीटर उंची लागते. बाजारातले ठोकळे साधारण ४ सेंटिमीटरच्या पायरीपासून १०-१२ सेंटिमीटरपर्यंत जातात. म्हणजे तोच उतार आडवा असेल तर पहिल्या-दुसऱ्या पायरीत सुटतो आणि लांबीत असेल तर सुटतच नाही. फ्रिजच्या ३ अंशांचा हिशेब केला तर आडवा फरक सुमारे ९ सेंटिमीटर आणि लांबीतला तब्बल २० सेंटिमीटर होतो.

यावरून सगळ्यात उपयोगी युक्ती निघते: वोनमोबिल उताराला आडवी उभी करा. नाक डोंगराकडे किंवा दरीकडे नको. शेतात नांगरट उताराला आडवी करतात तशी.

फोनमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅपही चालतं, पण मागचा कॅमेरा उंच असल्याने फोन स्वतःच डुगडुगतो. तो एखाद्या सपाट पुस्तकावर ठेवा. मोजताना सगळ्यांनी एका जागी बसून राहावं. स्प्रिंगवरच्या गाडीत चार माणसं एका बाजूला गेली की आकडा बदलतो.

जागा निवडताना

मोझेल नदीकाठच्या जागा बहुधा सपाट असतात, पण नदी वाढली की त्या रिकाम्या कराव्या लागतात. बाल्टिकच्या काठाला जमीन सपाट पण वाळूची. ब्लॅक फॉरेस्ट, हार्त्स आणि आल्गॉय इथे उतार गृहीतच धरा. योगायोग असा की जर्मन वोनवागनचा इतिहास याच आल्गॉयमध्ये सुरू होतो. इज्नी गावचे आरिस्ट डेथलेफ्स चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या घराण्यातले. विक्रीसाठी सतत फिरती. चित्रकार पत्नी फ्रिडेल हिला बरोबर नेता यावं म्हणून त्यांनी १९३१ मध्ये चाकांवरचं घर बांधलं आणि त्याला "वोनआउटो" म्हटलं. असो.

मोकळ्या जागा असतील तर संपूर्ण आवारात एक फेरी पायी मारा. पाणी साचल्याच्या खुणा, मऊ गवत, झाडांची मुळं बघून घ्या. मग दार कुठे येतं ते बघा. जर्मन गाड्यांचं राहायच्या भागाचं दार उजवीकडे असतं. उजवी बाजू खालच्या अंगाला आली तर तीच उचलावी लागते आणि आधीच उंच असलेली पायरी आणखी ६-८ सेंटिमीटर वर जाते. गुडघेदुखीच्या माणसाला तेवढं पुरेसं त्रासाचं आहे. उजवी बाजू चढाकडे ठेवली तर डावी उचलायची आणि दाराची पायरी जमिनीजवळ राहते. आईला घेऊन प्रवास करायला लागल्यापासून आम्ही इतर सगळ्या सोयी दुय्यम ठरवल्या आहेत. दृश्य खिडकीतून दिसलं नाही तर बाहेर खुर्ची टाकून बघावं.

वोनमोबिल चढवताना

ठोकळे खालच्या चाकांच्या पुढे, अगदी चिकटून आणि चाकाच्या सरळ रेषेत ठेवा. बाजू उचलायची तर त्या बाजूचं पुढचं आणि मागचं अशी दोन्ही चाकं. एकच कोपरा सर्वांत खाली असेल तर तिथे सर्वांत उंच पायरी, शेजारच्या चाकाला त्याहून कमी. जोडीत दोनच ठोकळे येतात, त्यामुळे डोंगराळ भागात जाताना आणखी एक जोडी घेऊन ठेवणं शहाणपणाचं. ठोकळ्यावर भारमर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. ३.५ टनांच्या गाडीत मागच्या एका चाकावर टनभर भार येऊ शकतो. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात वापरू नका, ते न सांगता फुटतात. जाड लाकडी फळ्या चालतात.

चढवताना एकाने बाहेर, चालकाला आरशात दिसेल असं बाजूला उभं राहायचं. ठोकळ्याच्या पुढे किंवा मागे कोणीही नको. ओल्या गवतावर पुढची चाकं गरगरली तर ठोकळा गोफणीतल्या दगडासारखा मागे सुटतो. मुलांना मदतीची हौस फार असते. त्यांना पाणसळ देऊन थोड्या अंतरावर, मोठ्या माणसाच्या हाताशी उभं करा. शब्द आधी ठरवा. एसटीच्या कंडक्टरचं "येऊ द्या, येऊ द्या" उत्तम आहे, पण थांबायला "बस" म्हणू नका, इंजिनाच्या आवाजात ते काहीही ऐकू येतं. "थांब" म्हणा आणि हात आडवा करा.

पायरीवर पूर्ण टायर बसला पाहिजे. अर्धा बाहेर लोंबकळत ठेवला तर रात्रभराच्या दाबाने टायरच्या आतल्या थरांना इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. मग हँडब्रेक, गियर आणि उताराच्या बाजूने पाचर. घाटात ट्रकचा क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावतो, तेच काम. जोरदार थंडीत ब्रेक गोठून चिकटू शकतो. तेव्हा सपाट जागी फक्त गियर आणि पाचरींवर भिस्त ठेवतात, उतारावर नाही.

अगदी शून्यावर आणायचा अट्टहास नको. एखादा अंश उरला तर तो आंघोळीच्या जाळीकडे आणि डोकं उंच राहील असा उरू द्या.

वोनवागनचा क्रम वेगळा

इथे क्रम चुकला तर घर उताराला लागतं. कारला जोडलेलं असतानाच डावी-उजवी बाजू लेव्हल करा. एकच आक्स असेल तर खालच्या चाकाखाली एक ठोकळा पुरतो, दोन असतील तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली. मग हँडब्रेक पूर्ण ओढा, दोन्ही चाकांना पाचरी लावा, पुढचं लहान आधारचाक, म्हणजे श्ट्युट्सराड, खाली सोडून घट्ट आवळा, आणि एवढं झाल्यावरच कार सोडवा.

पाचरींचा आग्रह का, ते समजून घेण्यासारखं आहे. वोनवागनचा ब्रेक कारच्या पेडलला जोडलेला नसतो. कार थांबते, मागचं घर पुढे ढकलतं, तो दाब एका दांड्यातून ब्रेकला पोचतो. पण कार रिव्हर्स घेतानाही तसाच दाब येतो आणि मग मागे जाताच येणार नाही. म्हणून चाक उलटं फिरू लागलं की ब्रेकची पकड आपोआप ढिली पडते, अशी रचना केलेली असते. याचा परिणाम असा की हँडब्रेक ओढलेली वोनवागन पुढच्या दिशेला घट्ट असते, पण मागच्या दिशेला आधी थोडी घरंगळते, मग लीव्हरची स्प्रिंग उरलेली ढील ओढून घेते आणि ब्रेक पकडतो. उतारावर ते थोडं अंतर पुरेसं असतं. मागे कोणी स्टूल उघडत असेल, ठोकळ्यावरून चाक उतरत असेल तर विचार करा.

त्यामुळे वोनवागन लांबीत उतारावर उभी करावीच लागली तर नाक खालच्या बाजूला ठेवा. ब्रेक त्या दिशेला चांगला धरतो. नाक वर उचलणं आधारचाकाचा दांडा फिरवून सहज जमतं, कमी पडलं तर चाकाखाली रुंद फळी. नाक चढाकडे असेल तर ते खाली आणावं लागतं आणि तिथे आधारचाकाची मर्यादा लगेच संपते. शिवाय सकाळी ओल्या गवतावरून उताराने बाहेर पडता येतं. अडचण एकच, आत शिरताना चढावर रिव्हर्स घ्यावा लागतो.

पुढे-मागे लेव्हल झाली की शेवटी चार कोपऱ्यांचे पाय, कुर्बेलश्ट्युट्सन, जमिनीला टेकून जरा घट्ट होतील इतकेच खाली सोडा. ते जॅक नाहीत. घर डुलू नये म्हणून आहेत. त्यांनी गाडी उचलायला गेलात तर पाय वाकतात, चासी पिळवटते आणि दार लागेनासं होतं. मऊ जमिनीवर प्रत्येक पायाखाली फळी हवी, रात्री पाऊस झाला तर एकेक पाय वेगळ्या मापाने रुततो.

कायदा

पाचरी बरोबर असणं ही ऐच्छिक गोष्ट नाही. ७५० किलोंहून जास्त वजनाच्या नेहमीच्या वोनवागनला दोन पाचरी बाळगणं सक्तीचं आहे, ४ टनांहून जड वोनमोबिलला एक. कारपासून सोडवलेली वोनवागन सार्वजनिक रस्त्यावर सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. साध्या पार्किंगमध्ये, मनाईची पाटी नसेल तर, थकवा घालवून पुन्हा गाडी चालवण्याजोगं होण्यासाठी एक रात्र झोपणं चालतं. पण तिथे ठोकळे, पाय, खुर्च्या, छत बाहेर काढलंत की ते झोपणं न राहता कॅम्पिंग मानलं जाऊ शकतं आणि दंड होऊ शकतो. ठोकळे लागतील अशी जागा असेल तर सरळ श्टेलप्लाट्झ किंवा कॅम्पिंगप्लाट्झ गाठा.

नव्याने आलेल्यांसाठी: भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे जर्मन लायसन्ससाठी लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा आहेत. बी वर्गावर ३.५ टनांपर्यंतची वोनमोबिल चालते. वोनवागनसाठी कार आणि ट्रेलर यांची एकत्रित मर्यादा बघा, बी९६ मध्ये ती ४.२५ टन आहे.

निघताना

सगळं उलट्या क्रमाने. वोनवागनचे चार पाय आधी वर, मग कार जोडायची, जोडणी नीट बसल्याची खूण बघायची, आधारचाक वर घेऊन आवळायचं, सुटक्या ब्रेकची तार अडकवायची, हँडब्रेक सोडायचा, आणि पाचरी सर्वांत शेवटी. वोनमोबिल ठोकळ्यांवरून उतरवताना फ्रिजचं दार आणि वरची कपाटं बंद आहेत का ते बघा, कारण तो धक्का दिवसातला सगळ्यात मोठा असतो आणि लोणच्याची बरणी नेमकी तेव्हाच पडते. ठोकळ्यांना लागलेला चिखल तिथेच धुऊन घ्या, आणि पुढच्या माणसासाठी जमिनीत पडलेले खळगे पायाने बुजवून निघा.